टेराहर्ट्झ डिटेक्टरचा वेग: ऑसिलोस्कोपवर मोजायचा, की आरसा सरकवून?

(सोलापुरातल्या तिघांचा वाद. प्रत्येकाच्या म्हणण्याआधी तो राहतो तो भाग दिला आहे. टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनं, पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग.)

होटगी रोड
परवा एका ओळखीच्या पोराच्या सेमिनारची तयारी बघत होतो. स्लाइडवर लिहिलेलं: नायोबियम नायट्राइड या अतिवाहकाचा डिटेक्टर, रिस्पॉन्स टाइम (प्रतिसादाला लागणारा वेळ) ३५ पिकोसेकंद. विचारलं, ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारा स्कोप, किती बँडविड्थचा, किती जलद सिग्नल पकडणारा? म्हणाला, १० गिगाहर्ट्झ. स्कोपला स्वतःलाच वर चढायला साधारण ०.३५ भागिले बँडविड्थ एवढा वेळ लागतो. आता ०.३५ ला १० गिगाहर्ट्झने भागा, बरोब्बर ३५ पिकोसेकंद येतात! म्हणजे तो वेग स्कोपचा. डिटेक्टरचा वेग त्यात कुठेच दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. किरणांच्या एका क्षणिक झोताच्या, म्हणजे पल्सच्या, दोन करा आणि दुसरी आरशावरून लांबच्या वाटेने आणा. आरसा दीड मिलिमीटर मागे घेतला की वाट तीन मिलिमीटरने वाढते, उशीर होतो १० पिकोसेकंद. पहिल्या पल्सने तापलेली डिटेक्टरची पातळ फिल्म निवायच्या आत दुसरी आली तर सरासरी सिग्नल एक, निवल्यावर आली तर दुसरा. मीटर कितीही मंद असला तरी चालतो.

अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात आमचा जॉबर (माग नीट चालवून देणारा कारागीर) स्ट्रोब दिवा लावून पळता धोटा जागच्या जागी उभा करून दाखवायचा. डोळा आपला तेवढाच मंद, पण लुकलुक कधी व्हायची ते त्याच्या हातात होतं. इथे तीच युक्ती आहे.

बाळीवेस
स्कोपबद्दल मान्य, आरशाबद्दल अजिबात नाही. दोन पल्सांचा एकमेकींवर परिणाम दिसायला फिल्म सरळ रेषेत (दुप्पट ऊर्जेला दुप्पट सिग्नल) वागून भागत नाही, म्हणून पल्स जोरदार लागते. जोरदार पल्सने फिल्म अतिवाहकता सोडून पार नॉर्मल अवस्थेत जाते. डिटेक्टर रोज ज्या स्थितीत काम करतो, ती ही स्थितीच नव्हे.

टेराहर्ट्झचे दोन स्रोत घ्या, डिटेक्टरला मिक्सर करून ते त्यात मिसळा, त्यांच्या वारंवारतांतला फरक हळूहळू वाढवा आणि आउटपुट निम्मं कुठे होतं ते बघा. वेळ म्हणजे १ भागिले (२π गुणिले तो फरक); ४ गिगाहर्ट्झला झालं तर साधारण ४० पिकोसेकंद. खगोलवाल्यांना हवा तो हाच आकडा. २००९ साली अंतराळात गेलेल्या हर्शेल दुर्बिणीच्या हायफाय उपकरणात असेच हॉट इलेक्ट्रॉन बोलोमीटर (इलेक्ट्रॉन तापल्यावर सिग्नल देणारे डिटेक्टर) होते. अवकाशातल्या कार्बनकडून येणाऱ्या १.९ टेराहर्ट्झच्या रेषेवर १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे १५८ किलोमीटर वेग. बँडविड्थ कमी पडली तर दीर्घिकेची रुंद रेषा एका दमात मावतच नाही.

अशोक चौक
दोघांनीही एकच वेळ गृहीत धरली आहे, हे खटकतं. पातळ नायोबियम नायट्राइडमध्ये इलेक्ट्रॉन आपली उष्णता अणूंच्या जाळीला देतात, त्याला १० केल्विनच्या आसपास १२ पिकोसेकंद लागतात. मग जाळी ती फिल्मखालच्या आधाराच्या थराला (सब्स्ट्रेटला) देते, तिथे आणखी वेळ जातो. वायबीसीओ (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, दुसरा एक अतिवाहक) तर याहून टोकाचं: सुरुवातीचा उसळा काही पिकोसेकंदांत ओसरतो, मागे नॅनोसेकंदांची शेपटी राहते. बाळीवेसवाले, तुमचं सूत्र एकाच घातांकी उताराचं आहे. अशा फिल्मला ते लावलंत तर एक आकडा मिळतो, पण तो कुठल्याच प्रक्रियेचा नसतो.

होटगी रोड
ताई, शेपटीचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. आरसा सरकवत गेलं की उताराचा आकारच कागदावर उमटतो, आधी खडा आणि मग सपाट. जोरदार पल्सचा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर माझा उपाय असा: पल्सची ताकद पायरीपायरीने कमी करायची. वक्राची रुंदी बदलायची थांबली की तो आकडा धरायचा.

बाळीवेस
आणि ताकद कमी केली की दुसऱ्या पल्सचा परिणाम वर्गाने घटतो, हे विसरलात? निम्म्या ताकदीला सिग्नल पाव राहतो. रुंदी स्थिर व्हायच्या आधीच तो नॉइजमध्ये बुडाला तर कोणता आकडा धरणार? शिवाय बायस व्होल्टेज (डिटेक्टरला बाहेरून दिलेलं स्थिर व्होल्टेज) बदललं की हाच बोलोमीटर मंद किंवा जलद होतो. दोन स्रोतांच्या, म्हणजे मिक्सरच्या, मोजणीत तो आपल्या रोजच्या बायसवर, रोजच्या तापमानाला असतो. मी तरी तोच आकडा आधी मागेन.

होटगी रोड
मागा. पण त्या आकड्याशेजारी बायस छापा, आणि आरशाचा वक्रही छापा. त्या पोराला मी स्लाइडवरचे ३५ खोडायला लावलेत. तिथे काय लिहायचं ते उद्या संध्याकाळी तो विचारायला येणार आहे. ताई, तुम्हीही या.