ग्रामसभेने एका समाजाच्या विक्रेत्यांना जत्रेत बंदी घातली, तर तो ठराव टिकतो का?

गावकूस
नमस्कार मंडळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो अवैध ठरवला. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. ग्रामसभा सर्वोच्च असे आपण सगळेच म्हणतो, मग तिचा ठराव प्रशासन बाजूला कसा सारते? आणि उद्या आपल्याच गावात असा ठराव आला, तर विरोधात असलेल्या साध्या मतदाराने नेमके काय करायचे? माझे मत सांगून टाकतो : जत्रेत बांगड्या विकणाऱ्याला त्याचा धर्म विचारणे मला मान्य नाही. पण नुसत्या मताने काम होत नाही, कागद लागतो. तो कसा करायचा ते जाणकारांनी सांगावे.

विषयपत्रिका
ग्रामसभा सर्वोच्च आहे ती कायद्याने सोपवलेल्या कामांपुरती. घटनेच्या अनुच्छेद २४३-क मध्येच म्हटले आहे की ग्रामसभेचे अधिकार राज्याचा कायदा ठरवील. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्यात योजनांना मान्यता, लाभार्थींची निवड, खर्चाचा हिशेब असे पुष्कळ काही आहे. धर्म पाहून धंदा बंद करण्याचा अधिकार कुठेही नाही. जो अधिकार मुळात नाही तो शंभर टक्के हात वर झाले म्हणून येत नाही. शिवाय ग्रामपंचायत ही घटनेच्या दृष्टीने 'राज्यसंस्था' आहे, त्यामुळे अनुच्छेद १५ चे भेदभाव न करण्याचे बंधन तिच्यावर थेट आहे. अनुच्छेद १९ मधल्या व्यवसायाच्या हक्कावर बंधन घालायचे तर कायदा लागतो. ठराव म्हणजे कायदा नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. असे ठराव बहुतेक वेळा विषयपत्रिकेवर नसतात, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीतून घुसवले जातात. म्हणून सभेतच उभे राहून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहायला लावा. तेवढ्यावर न थांबता सहीनिशी लेखी विरोधपत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. नंतर 'ठराव सर्वानुमते मंजूर' असे लिहिले गेले, तर तो शब्द खोटा पाडायला हीच प्रत उपयोगी पडते.

मग ठरावाच्या नकलेसह अर्ज करा : गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. बेकायदा किंवा शांतताभंग होईल अशा ठरावाची अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकारी लेखी आदेशाने थांबवू शकतात. अर्जात ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक आणि अनुमोदकाचे नाव, यात्रेची तारीख आणि 'अंमलबजावणी तात्काळ स्थगित करावी' ही स्पष्ट मागणी हवी. 'भावना दुखावल्या' असे दोन पानी निवेदन दिले की ते फायलीत जाऊन पडते, कारण अधिकाऱ्याने आदेश कशावर काढायचा हेच त्यात नसते.

नांगरट
गणपूर्तीचाही मुद्दा आहे ना? बऱ्याच सभा पन्नास माणसांत उरकतात.

विषयपत्रिका
आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. म्हणजे ५०० मतदारांच्या गावात ७५, आणि १२०० मतदारांच्या गावात १८० नव्हे तर १००. नियमित सभेची नोटीसही ७ दिवस आधी लागते. हजेरी पुस्तकातल्या सह्या मोजा, सभा संपल्यावर घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांवरही लक्ष असू द्या.

पण फक्त गणपूर्तीवर विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्या मुद्द्यावर ठराव पडला तर पुढच्या महिन्यात माणसे गोळा करून तोच ठराव पुन्हा होईल; तहकूब सभेला तर गणपूर्ती लागतच नाही. म्हणून अर्जात पहिला मुद्दा 'ग्रामसभेला हा अधिकारच नाही' हा, आणि गणपूर्ती, नोटीस हे नंतर.

चावडीवाचक
पोलिसांच्या बाजूचे थोडे. एखाद्या धर्माच्या लोकांना नागरिक म्हणून मिळणारे हक्क नाकारावेत असा प्रचार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९७ खाली गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. धर्मांमध्ये वैर वाढवण्यासाठी कलम १९६. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना सांगितले आहे की द्वेषमूलक भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. ठाण्यात या आदेशाची छापील प्रत सोबत न्या.

अडते ते असे. 'वरून मंजुरी लागते' म्हणून परत पाठवतात. मंजुरी लागते हे खरे, पण ती न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी, गुन्हा नोंदवण्यासाठी नव्हे. १४ दिवसांची प्राथमिक चौकशी मात्र ते करू शकतात. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज : नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४). पुरावा म्हणून व्हिडिओ देणार असाल तर मूळ फोनमधली फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर मूळ कोण, हा वाद लागतो.

नांगरट
आणि सामाजिक बहिष्काराचा २०१६ चा कायदा? तो सरळ लागू करता येणार नाही का? तीन वर्षे किंवा एक लाख दंड आहे त्यात.

चावडीवाचक
इथेच बरेच अर्ज फसतात. तो कायदा जातपंचायतींसाठी केलेला आहे. एकाच समाजातल्या सदस्यांनी आपल्याच सदस्यावर टाकलेला बहिष्कार, अशी त्याची व्याख्या. गावाने दुसऱ्या धर्माच्या विक्रेत्यावर टाकलेला बहिष्कार त्यात बसवणे अवघड. विक्रेता अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर चित्र वेगळे : अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) मध्ये सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार, दोन्ही स्पष्ट शब्दांत गुन्हा आहेत, नुसती धमकीसुद्धा. चुकीचे कलम लिहिले की समोरच्याच्या वकिलाचे काम अर्धे होते, म्हणून तक्रारीत घटना नीट लिहा आणि कलमांचा हट्ट धरू नका.

ओसरी
एक गोष्ट सगळ्यांच्या आधी तपासा : यात्रा भरते ती जमीन कुणाची? सातबारा काढा. गावठाण, गायरान, रस्ता असेल तर वर लिहिलेले सगळे लागू. जमीन देवस्थान ट्रस्टची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव तिथे तसाही निरर्थक, पण जागा देण्याचा निर्णय ट्रस्टकडे जातो आणि वाट लांबते. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, अर्ज तिकडेही द्यावा लागतो.

ग्रामसभेचे तोंड नेहमी असेच असते असे नाही, हेही लिहून ठेवतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाडने माणसाचा मान राखायला ठराव केला. तो कुणी अवैध ठरवला नाही.

गावकूस
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरावाची नक्कलच द्यायला टाळाटाळ केली तर?

विषयपत्रिका
माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मजकूर १५० शब्दांत आणि विषय एकच ठेवा, आपल्या राज्याच्या नियमात ती अट आहे. मागणी अशी : 'दि. अमुकच्या ग्रामसभेची नोटीस, विषयपत्रिका, हजेरी पुस्तकातील पाने आणि संपूर्ण इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती.' 'ठराव का केला?' असे विचारू नका, कारण विचारणे म्हणजे माहिती नव्हे असे उत्तर येते. मुदत ३० दिवस, प्रत पानाला २ रुपये. यात्रा त्याआधीच असेल तर नकलेसाठी थांबू नका. सभेतली तुमची टिपणे आणि विरोधपत्राची शिक्क्याची प्रत जोडून स्थगितीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, नक्कल मागाहून जोडता येते.