पाळणाघराची सगळी कागदपत्रं असलेला लॅपटॉप बंद पडलाय, फॉरमॅट न करता डेटा निघेल का?

पाळणाघर_डोंबिवली
नमस्कार. मी घरीच पाळणाघर चालवते, नऊ वर्षं झाली, सध्या 14 मुलं आहेत, सगळ्यात लहान 11 महिन्यांचं. परवा दुपारी मुलं झोपल्यावर फीचा हिशोब करत बसले होते आणि लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच खलास आहे, चार्जरवरच चालतो, त्यामुळे तो खटकन बंद झाला. लाइट आल्यावर चालू केला तर काळी स्क्रीन आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असा काहीतरी मेसेज. कोपऱ्यावरच्या दुकानात नेला तर ते म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. तसाच परत घेऊन आले.

आत काय नाही ते विचारा. प्रवेशाचे फॉर्म, जन्मदाखले, लसीकरण कार्डाचे स्कॅन, कुठल्या मुलाला कोण न्यायला येणार त्याची फोटोसकट यादी, अ‍ॅलर्जी, कोणाचे डॉक्टर कोण, पाच वर्षांचा फीचा हिशोब एक्सेलमध्ये. आणि मी बॅकअप घेत होते हो, दर महिन्याला न चुकता सगळा फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करायचे! आता भाचा सांगतो की सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. मला हे खरंच माहीत नव्हतं.

एकीला शेंगदाणा चालत नाही ते मला पाठ आहे, पण मार्चमध्ये दोन नवीन मुलं आली त्यांच्या आयांनी फॉर्मवर काय काय लिहिलं होतं ते नीट आठवेना. मग काल सगळ्यांना फोन करून परत विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि तोपर्यंत कोणालाच माझ्या हातचा खाऊ दिला नाही, ज्याच्या त्याच्या डब्यातलंच भरवलं. रात्री झोप लागली नाही. कोणीतरी नीट सांगा काय करू.

दुरुस्तीवाला_नाशिक
ताई, फॉरमॅट केला नाहीत हे फार चांगलं केलंत. आता तो लॅपटॉप सारखा सारखा चालू करून बघू नका. आधी एकच सांगा, चालू केल्यावर आतून टिक टिक किंवा खरखर असा आवाज येतो का? येत असेल तर लगेच बंद करा आणि बंदच ठेवा, कारण अशा वेळी आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, चकतीवर घासत असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केलं की आणखी डेटा जातो. ती डिस्क मग डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्यायची, आधी तपासणी आणि खर्चाचा अंदाज घ्यायचा, मग हो म्हणायचं.

आवाज नसेल तर बरीच आशा आहे. अचानक लाइट गेल्यामुळे बऱ्याचदा फक्त विंडोज बिघडतं किंवा केबल ढिली असते, फाइल्स जागेवर असतात. डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत, घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडून बघायचं. फोल्डर दिसले की आधी कॉपी, बाकी सगळं नंतर. दिसले नाहीत तर फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, पण तो दुसऱ्या मशीनवरून चालवायचा आणि निघालेल्या फाइल्स दुसऱ्याच डिस्कवर साठवायच्या, त्याच डिस्कवर लिहिलंत तर जे शोधताय त्याच्यावरच नवीन माहिती बसते. फोटोरेकमध्ये फाइलची नावं बहुतेक जातात, नंतर एकेक उघडून ओळखावी लागते, तेवढी तयारी ठेवा. आणि दुकानदार चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम, चालवतो म्हणाला तर कॉपी व्हायच्या आधी चालवू देऊ नका, कमजोर डिस्कवर त्याने नुकसान वाढू शकतं.

नवीन लॅपटॉप घ्याल तेव्हा अजून एक. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप लॉक केलेली असते, बिटलॉकर म्हणतात त्याला. त्याची 48 आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला असते, ती आत्ताच कागदावर उतरवून ठेवा. उद्या डिस्क अशीच बाहेर काढली आणि किल्ली नसली तर कोणीही काही करू शकत नाही, आमच्याकडे असे लोक रडत येतात.

सुमन_चिपळूण
ताई, तुमची घालमेल कळतेय, मीही पाळणाघर चालवायचे. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा आमचं तळमजल्याचं घर. माझ्याकडे लॅपटॉप होता, वेगळी हार्डडिस्कही होती, पण दोन्ही एकाच कपाटात, शेजारी शेजारी! रजिस्टरं पण त्याच कपाटात. सगळं चिखलात गेलं. वाचलं फक्त तेवढंच जे मी पुण्याच्या बहिणीला कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. तेव्हापासून एक कॉपी घराबाहेर, बहिणीकडे पेनड्राइव्ह असतो, ती आली की बदलून नेते.

दुसरं म्हणजे सगळंच कॉम्प्युटरवर ठेवू नका. मुलाचं नाव, आईबाबांचे दोन दोन नंबर, अ‍ॅलर्जी, डॉक्टर, रक्तगट, न्यायला कोण येणार, ही एका पानाची माहिती प्रत्येक मुलाची छापून फाइलला लावा आणि ती फाइल हाताशी ठेवा. मूल तापाने फणफणलं असताना लाइट नसेल, मोबाइल चार्ज नसेल, मदतीला ठेवलेल्या मावशींना पासवर्ड माहीत नसेल, पण फाइल त्या उघडू शकतात.

निखिल_ठाणे
सुमनताईंचं कागदाचं पटतं पण पेनड्राइव्हवर एवढा भरवसा ठेवू नका, ती दोनचार वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिली की कधी कधी उघडत नाहीत. गूगल ड्राइव्हला 15 जीबी फुकट मिळतात, फक्त त्यात जीमेल आणि फोटो पण मोजले जातात, म्हणून पाळणाघरासाठी वेगळं अकाउंट काढा नाहीतर घरच्या लग्नाच्या व्हिडिओंनीच ते भरून जातं.

पण सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि ड्राइव्हवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणं, हा बॅकअप नाही हे लक्षात घ्या. माझ्या बायकोची शिकवणी आहे, मुलाने लॅपटॉपवरचा फोल्डर डिलीट केला तर ड्राइव्हवरूनही गेला, कारण दोन्ही जोडलेले. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो म्हणून परत आणता आला, आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं होतं, अजून दहा दिवस गेले असते तर संपलं होतं. म्हणून ड्राइव्ह तर ठेवाच, शिवाय एक बाहेरची हार्डडिस्क, महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून ठेवायची. जोडूनच ठेवली आणि व्हायरसने फाइल्स लॉक केल्या तर तीही लॉक होते.

आणि ताई, गेलेल्या फाइल्स आधी दुसऱ्यांकडे शोधा. सीएला हिशोब मेल केला असेल, पालकांना पावत्या व्हॉट्सअ‍ॅप केल्या असतील, झेरॉक्सवाल्याला फॉर्म पाठवला असेल. जीमेलच्या सेंटमध्ये अटॅचमेंटवाल्या मेलचा फिल्टर लावून बघा.

आई_दोन_मुलींची
मी पालक म्हणून लिहितेय, राग मानू नका. माझ्या मुलीचा जन्मदाखला, आमचं आधार, सगळं तुमच्यासारख्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर आहे, आणि आता तो लॅपटॉप दुकानात जाणार हे वाचून धस्स झालं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. पण कायदा सोडा, जे लागत नाही ते ठेवूच नका ना. पूर्ण आधार कशाला, मास्क केलेलं मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सोडून गेलेल्या मुलांचे दाखले काढून टाका. आणि एक्सेलला पासवर्ड घाला, पण तो कुठेतरी लिहून ठेवा, विसरलात तर तुम्हालाच उघडता येणार नाही.

पाळणाघर_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार, आज थोडा श्वास घेतेय. आवाज नव्हता. दादांनी सांगितल्याप्रमाणे भाच्याने डिस्क काढून केसमध्ये घातली आणि त्याच्या लॅपटॉपला जोडली, दोन तास लागले पण फोल्डर दिसले आणि जवळजवळ सगळं कॉपी झालं. फॉर्म, दाखले, यादी, सगळं आहे. मार्चमधल्या दोघांचे फॉर्म आधी उघडले, एकाला अंडं चालत नाही असं लिहिलं होतं, फोनवर आजीने फोन घेतला होता आणि त्या ते सांगायला विसरल्या होत्या. हात कापत होते वाचताना.

फीची या वर्षाची फाइल मात्र उघडतच नाही, लाइट गेली तेव्हा तीच चालू होती ना. निखिल म्हणाले तसं सेंटमध्ये शोधलं, एप्रिलमध्ये सीएला पाठवलेली सापडली. मधल्या दोन महिन्यांचा हिशोब यूपीआयच्या स्टेटमेंटवरून भरतेय, रोख देणारे तीनच पालक आहेत, त्यांना विचारून घेतलं.

आई_दोन_मुलींची, अजिबात राग नाही, तुम्ही बोललात ते बरं झालं. 40 जुन्या मुलांची कागदपत्रं अजून माझ्याकडे होती, ती काढतेय, आणि जुनी डिस्क भंगारात न देता माझ्याकडेच ठेवणार आहे.

एक शंका उरली, बॅकअप नीट झालाय हे कळणार कसं? परत डी ड्राइव्हसारखं व्हायला नको.

दुरुस्तीवाला_नाशिक
उघडून बघायचं ताई, तोच उपाय. बॅकअपची डिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लावा, तुमच्या नाही, आणि त्यातले कुठलेही चार फॉर्म आणि हिशोबाची फाइल उघडा. उघडली, आकडे बरोबर आहेत, तर झाला. दर तीन महिन्यांनी एकदा करा. आणि लॅपटॉपला आधी नवी बॅटरी टाका.