एकाच भटारखान्यात अबोला धरलेले दोघे, आणि मधे मी

प्रश्न

मी माण तालुक्यात, सातारा–पंढरपूर रस्त्यालगतच्या एका मटण-भाकरीच्या हॉटेलात चार महिन्यांपासून मदतनीस म्हणून काम करतो. वस्ताद मटण आणि रस्सा सांभाळतात. मावशी सकाळी वाटण करतात, फोडणी घालतात आणि मग दिवसभर चुलीवर भाकऱ्या थापतात. दोघांमध्ये चार हातांचेही अंतर नाही, तरी ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. “खोबरं अजून भाजायला पाहिजे, सांग त्यांना,” असे वस्ताद मला म्हणतात. मावशींना ते स्पष्ट ऐकू आलेले असते, पण मी ते पुन्हा उच्चारल्याशिवाय त्या परातीवरचा हात थांबवत नाहीत.

गेल्या रविवारी, ऐन गर्दीत, वस्तादांनी मटण शिजवतानाच मीठ घातले होते आणि मी तो निरोप पोहोचवायच्या आत मावशींनी फोडणीनंतर पुन्हा घातले. अख्खे पातेले खारट झाले आणि बोल मला लागले. मालकांचे म्हणणे एवढेच, की दोघेही हवे आहेत, तू सांभाळून घे. मी हे निरोप पोहोचवत राहावे का?

उत्तर १

मी पंचवीस वर्षे हॉटेलांत आचारी होतो. भांडण कोणाचेही असो, मिठाचा हात एकच असला पाहिजे. आमच्याकडे मीठ पडलेल्या पातेल्यावर पळी आडवी ठेवायची, हा दंडक होता. नवा पोऱ्याही ती खूण पहिल्याच दिवशी शिकत असे. ही खूण वस्तादांना सुचवा, म्हणजे निदान या गोष्टीसाठी तुमच्या तोंडाची गरज उरणार नाही. उकळता रस्सा उचलताना मात्र “मागं गरम आहे” हे ज्याच्या हातात पातेले आहे त्यानेच ओरडून सांगायचे असते. तो निरोप दुसऱ्याकरवी देऊ पाहिला, तर कोणीतरी भाजेल.

उत्तर २

मी स्वतः सहा वर्षे हॉटेलात भाकऱ्या थापल्या आहेत, म्हणून विचारते: हॉटेल सुरू झाले त्या दिवशी वाटण कोणी केले होते? अनेक ठिकाणी चव बाईच्या घरच्या वाटणातून आलेली असते. धंदा चालू लागला की वस्ताद आणला जातो, नाव त्याचे होते, आणि बाई मात्र ‘भाकरीवाली’ म्हणून रोजावर राहते. श्रावणात गिऱ्हाईक घटले की पहिला खाडा तिचाच. चुलीच्या धुरात बसून हे रोज पाहावे लागत असेल, तर तोंडातून शब्द निघत नाही. त्यांना हट्टी समजू नका.

प्रश्नकर्ता

तुमचा अंदाज खरा निघाला. पहिली तीन वर्षे सगळा स्वयंपाक मावशीच करत होत्या. वस्तादांनाही हे मान्य आहे. पण त्यांनी मुलीच्या लग्नासाठी मोठी उचल घेतली आहे, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही असे त्यांना वाटते, आणि मावशींची बाजू घेतली तर मालक बिथरतील अशी भीती आहे. मलाही आता उचल देऊ केली आहे.

उत्तर ३

उचल घेऊ नका. तुमच्याकडून निरोप्याचे काम पुढेही करून घेण्याची ती सोय ठरेल. वस्तादांनाही सांगा, की उचल हे देणे आहे. पण त्यापायी माणसाला कामावर अडकवून ठेवणे वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, 1976 नुसार गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते. मावशींच्या रोजाविषयी मात्र मालकांशी बोलायला वस्तादांनीच जावे. वाटण कोणाचे आहे हे त्यांच्या तोंडून आले, तरच मालकांना ते मानावे लागेल.

प्रश्नकर्ता

उचल नाकारली. बुधवारी वस्तादांनी पळी आडवी ठेवली; मावशींनी ती पाहिली आणि मिठाचा डबा न उघडता वाटण पातेल्यात सोडले. बोलणे अजून नाही. वस्ताद मालकांकडे गेले होते, तेव्हा दिवाळीनंतर बघू असे उत्तर मिळाले. तोपर्यंत कामापुरते निरोप देईन. टोमणा असेल तर तो पोहोचवणार नाही, हे दोघांनाही सांगून टाकले आहे.