शालेय संसदेच्या निवडणुकीत चार चिठ्ठ्या जास्त निघाल्या. यंदा काय करावे?

खानापूरच्या बाई

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला समाजविज्ञान शिकवते. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात आमच्याकडे शालेय संसदेची निवडणूक होते. गेल्या वर्षी वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात त्या गोळा केल्या आणि स्टाफरूममध्ये बसून मी एकटीनेच मोजल्या. हजर मुले 142 होती आणि चिठ्ठ्या 146 निघाल्या. मुख्यमंत्रिपदाचा मुलगा 11 मतांनी पुढे होता, तेव्हा चार चिठ्ठ्यांनी निकाल बदलत नाही, असे मी मुलांना सांगितले. त्यावर हरलेली मुलगी म्हणाली, "बाई, जादा चिठ्ठ्या चारच कशावरून? ज्यांनी मत दिलेच नाही, त्यांच्या वाटणीच्याही कोणी टाकल्या असतील तर?" मला उत्तर सुचले नाही.

दुसरी अडचण अशी की, लोकसभा-विधानसभेचा पाठ घेताना महाराष्ट्र एकीकरण समिती (हा सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी संघटना) आणि राष्ट्रीय पक्ष हा घरोघरी चालणारा वाद वर्गात येतोच. मी आजवर तो टाळत आले. आपण हे कसे हाताळता?

निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

बाई, त्या मुलीचा प्रश्न बिनतोड आहे आणि आपल्या पाठाची सुरुवात तिथूनच व्हावी. नोकरीत असताना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मी अनेकदा काम केले आहे. त्या दिवशीची निम्मी मेहनत मते घेण्यात जाते आणि निम्मी हिशेब जुळवण्यात. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान 50 मतांचे अभिरूप मतदान घेतात, त्याचा निकाल त्यांना दाखवतात, मग ती मते पुसून यंत्र मोहोरबंद करतात. येणाऱ्या प्रत्येक मतदाराची सही किंवा अंगठा नोंदवहीत घेतला जातो. शेवटी यंत्रातील एकूण मते त्या नोंदींशी ताडून पाहतात आणि नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात देतात. मतमोजणीच्या दिवशी तो प्रतिनिधी आपला कागद घेऊन बसतो, आणि हरलेल्या उमेदवाराला निकाल मान्य करावा लागतो तो या कागदामुळे.

आपल्या निवडणुकीत नोंदवही नव्हती आणि प्रतिनिधीही नव्हते. यंदा सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, मोजून कापा. प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर सही करा. कागदी मतपत्रिकांच्या काळात केंद्राध्यक्ष हेच करत असे. हजेरीपटाची प्रत मतदारयादी म्हणून वापरा आणि सही घेतल्याखेरीज चिठ्ठी देऊ नका. खोका रिकामा असल्याचे सर्वांना दाखवून त्याला कागदी पट्टी चिकटवा आणि त्या पट्टीवर प्रतिनिधींच्या सह्या घ्या. उरलेल्या चिठ्ठ्याही मोजायला विसरू नका, कारण कापलेल्या चिठ्ठ्यांमधून दिलेल्या वजा केल्या म्हणजे उरलेल्यांचा आकडा जुळायलाच हवा. मोजणी स्टाफरूममध्ये मात्र नको, व्हरांड्यात सर्वांसमोर करा.

निपाणीचा मास्तर

सरांशी सहमत आहे. दुसऱ्या अडचणीबद्दल माझा अनुभव असा की, वाद टाळला तर मुले तो मधल्या सुट्टीत घालतात आणि तिथे त्याला धड माहितीचा आधार नसतो. मत कोणाला द्यावे, हे शिक्षकाने सांगू नये. पण येथे काय घडले, हे सांगायला हरकत नसावी.

मी 1996 ची लोकसभा निवडणूक घेतो. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी त्या वर्षी बेळगाव मतदारसंघात शेकड्यांनी अर्ज भरले गेले आणि 456 उमेदवार रिंगणात उतरले. तेव्हा खुल्या गटासाठी लोकसभेची अनामत अवघी 500 रुपये होती. त्याच वर्षी पुढे कायदा बदलला. अनामत 10,000 रुपये झाली आणि अपक्षांना दहा सूचकांची, म्हणजे नाव सुचवणाऱ्या मतदारांची, अट आली. आज ती रक्कम 25,000 आहे, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. इतके सांगून मी वर्गाला दोनच प्रश्न विचारतो: मतपत्रिकेचा असा वापर योग्य होता का, आणि अनामत वाढवून गरीब उमेदवाराचे काय झाले? मुले दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलतात, पण वाद कायद्याच्या भोवती राहतो, कोणाच्या घराभोवती फिरत नाही.

खानापूरला तर नकाशाच मोठा धडा आहे. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ आहेत, परंतु खानापूर आणि कित्तूर हे दोन लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात. जिल्हाधिकारी बेळगावात बसतात आणि खासदार निवडायचा तो कारवारच्या लोकांसोबत, हे कळल्यावर मतदारसंघ आणि जिल्हा यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

चिन्हे देताना मात्र जपा. एकदा मी न कळत एकाला सायकल आणि दुसरीला झाडू दिला. संध्याकाळपर्यंत दोन पालकांचे फोन आले. आता काजू, घागर आणि भोवरा यांवर भागवतो.

एक पालक, येळ्ळूर

माझ्या मुलीच्या शाळेत मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपने निवडणूक झाली. बीप वाजली की मुले खूश होत होती, पण निकालावर शंका आली तेव्हा तपासायला हातात काहीच उरले नव्हते. खऱ्या यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या छपाई यंत्रात मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडून राहते. ॲपमध्ये ती सोय नाही. म्हणून पहिली एक-दोन वर्षे कागदच बरा. बोटाला शाई लावायची तर स्केचपेन नको, ते हापशावर धुतले जाते.

खानापूरच्या बाई

सर्वांची आभारी आहे. ती मुलगी आता दहावीत आहे आणि यंदा उभी राहणार नाही. तुमची उत्तरे वाचून मी तिला प्रतिनिधी होशील का, असे विचारले, तर तिने आधी चिठ्ठ्या किती कापणार, ते विचारून घेतले. उमेदवारांची नावे मराठी आणि कन्नड अशी दोन्ही लिप्यांत लिहून घ्यायचे ठरले आहे. एकच शंका राहते: दीडशे चिठ्ठ्यांवर सही करण्याऐवजी शाळेचा शिक्का मारला तर चालेल का?

निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

शिक्का मारा, पण सहीही करा. दीडशे सह्यांना अर्धा तास लागतो. शिक्का ऑफिसात कोणाच्याही हाती लागतो, आणि ती मुलगी तेही विचारणारच.