‘फ्रस्ट्रेटेड’ चुंबकाला मराठीत काय म्हणावं?

पाषाणकर: 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेतल्या मुलांसाठी मराठी पोस्टर करतेय. विषय माझ्या पीएचडीचाच, फ्रस्ट्रेटेड मॅग्नेट. ‘वैफल्यग्रस्त चुंबक’ लिहिलं, तर आजी म्हणाली, “का गं, नापास झालंय का ते?” दुसरा शब्द सुचवा.

सदाशिवपेठी: ‘कुंठित’ घ्या. मती कुंठित होते ना, तसं.

पाषाणकर: काका, कुंठित म्हणजे थांबलेलं. हे बेटं थांबतच नाही! असं बघा: गोल टेबलाशी तीन मैत्रिणी. नियम एकच, शेजारणीच्या उलट मागवायचं. पहिलीने चहा घेतला, दुसरीने कॉफी. आता तिसरीने काहीही घेतलं तरी एकीशी बिनसणारच. स्पिनचंही, म्हणजे चुंबकातल्या अणूंच्या इवल्या चुंबकसुयांचंही तेच, चहा-कॉफीऐवजी वर आणि खाली.

सदाशिवपेठी: मग अमृततुल्यात जा, तिघी चहाच घ्या.

पाषाणकर: तो लोहचुंबक झाला. तिथे भांडणच नाही, सगळे एका दिशेने.

कोथरूडची मावशी: अगं, मग हे ‘त्रांगडं’ की! शब्दातच तीन ऐकू येतात.

पाषाणकर: मावशी, मस्त! पण 1977 मध्ये जेरार तूलूझ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ‘फ्रस्ट्रेशन’ हा शब्द या अर्थाने रुळवला, तो चौकोनालाही लागतो. चौकोनाच्या तीन बाजू ‘सारखं राहा’ म्हणतात आणि चौथी ‘उलट राहा’. तिथेही सगळ्यांचं मन राखता येत नाही.

सदाशिवपेठी: मन राखता येत नाही म्हणजे वैफल्यच. आजींनी उगाच नाकारला.

पाषाणकर: नाही हो. ग्रेगरी वॅनियर या भौतिकशास्त्रज्ञाने 1950 मध्ये त्रिकोणी जाळीचं हेच वर-खालीचं गणित सोडवलं. अगदी शून्य तापमानाला नेलं, तरी दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या 0.323 पट एंट्रॉपी, म्हणजे किती तऱ्हांनी मांडणी होऊ शकते याचं माप, उरते. जाळी खूप तापलेली असताना ही एंट्रॉपी 0.693 पट. म्हणजे निम्म्याच्या आसपास शिल्लकच! पर्याय संपलेले नाहीत, सारखेच बरे पर्याय ढिगाने आहेत. वैफल्यात असं कुठे असतं? साधा चुंबक थंड होताना एका तापमानाला शिस्तीत येतो, विशिष्ट उष्माधारकतेच्या (एक अंश तापवायला किती उष्णता लागते त्याच्या) आलेखात टोकदार सुळका दिसतो. इथे सुळका नाही, नुसता पसरट उंचवटा.

रविवारपेठेतला: स्पिनला तिरकं उभं राहायची मुभा दिली तर?

पाषाणकर: मग त्रिकोणी जाळीवर तिघंही एकमेकांशी 120 अंशांत उभे राहतात. त्याला साधा शब्द आहेच, तडजोड. पण कागोमे जाळीवर क्वांटम स्पिन तेवढीही करत नाहीत. हर्बर्टस्मिथाइट नावाच्या खनिजात तांब्याच्या स्पिनमधली ओढ, तापमानाच्या मापात सांगायची तर, दोनशे केल्विनच्या घरातली, तरी 0.05 केल्विनपर्यंत नेऊनही शिस्त दिसलेली नाही. तुपासारखं थिजतच नाही, म्हणून ‘स्पिन द्रव’.

रविवारपेठेतला: कागोमे म्हणजे टोपलीच्या विणीचे डोळे ना, जपानीत? काल बुरूड आळीत मुद्दाम थांबलो. कोंबड्या झाकायचा डालगा होता. तीन दिशांच्या पट्ट्या, मध्ये षटकोनी भोक, भोवती छोटे त्रिकोण. हीच का जाळी?

पाषाणकर: हीच! फोटो काढलात का? पोस्टरवर लावते.

कोथरूडची मावशी: त्रांगडं गेलं तर जाऊ दे. दोघांचं मन राखताना तिसऱ्याची होते ती ‘कुचंबणा’. सासर, माहेर आणि मध्ये मी. मी काही निराश नव्हते बाई, नुसती कुचंबलेली.

सदाशिवपेठी: हं. हा बसतो. कुचंबणेत धडपड चालू असते, कुंठित मध्ये नसते. माझा मागे घेतो. (नोंद करून ठेवा, रोज घडत नाही.)

पाषाणकर: ‘कुचंबलेले चुंबक’! लिहिलं. आजीला मोठ्याने वाचायला सांगितलं, तर ‘चुचंबलेले कुंबक’ म्हणाली. आता घरातलं कुणीच ते सरळ म्हणत नाहीये.