डॉकर विंडोज, मॅक अन् उबंटू तिन्हीवर टाकायचंय, केळीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, मदत पाहिजे

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. रावेरहून लिहून राहिलो. केळी व्यापाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलंय, शेतकऱ्याचं नाव, काट्यावरचं वजन, कटती, त्या दिवसाचा भाव, गाडी नंबर हे भरलं की शेतकऱ्याची पट्टी निघते. जँगो (पायथॉनची वेब चौकट) अन् पोस्टग्रेस (डेटाबेस) वर आहे, माझ्या उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) च्या लॅपटॉपवर डॉकर कंपोजमध्ये एकदम बरोबर चालतं. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट कंटेनर नावाच्या डब्यात चालवतं ते, अन् कंपोज असे अनेक डबे एकत्र चालवतं. आता सावद्याच्या एका व्यापाऱ्याला ते द्यायचंय. त्यांच्या ऑफिसात विंडोज १० होमचे दोन जुने डेस्कटॉप आहेत, ८ जीबी रॅमचे, अन् मुलगा पुण्यात असतो त्याच्याकडे एम१ वालं मॅकबुक आहे, त्यालाही हिशोब बघायचा असतो. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप टाकलं तर व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) चालू नाही म्हणतं. मॅकवर माझी इमेज (कंटेनर ज्यापासून उभा राहतो तो तयार साचा) टाकली तर प्लॅटफॉर्म जुळत नाही अशी पिवळी ओळ येते अन् मग सगळं इतकं हळू की बटन दाबून बसून राहा. वरून तिथे नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, इमेज अर्धी उतरते अन् तुटते. माल जोरात निघायच्या आधी हे बसवून द्यायचंय भो, कसं करू?

जळगाव_कोडर
भाऊ, विंडोजचं मी सांगतो. आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली उजवीकडे व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे की डिसेबल्ड ते लिहिलेलं दिसेल. डिसेबल्ड असेल तर मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) जा, इंटेलचा प्रोसेसर असेल तर व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाने असतं, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड, ते चालू करून सेव्ह करा. जुन्या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा एवढंच अडलेलं असतं.

मग पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) इन्स्टॉलची कमांड द्या, रीस्टार्ट करा अन् त्यानंतर डॉकर डेस्कटॉप टाका. होम एडिशनमध्ये पूर्ण हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीनचं साधन) मिळत नाही म्हणून लोक प्रो विकत घ्यायला निघतात, त्याची काही गरज नाही, डब्ल्यूएसएल २ होमवर चालतं.

हे सगळं का करावं लागतं ते पण समजून घ्या, म्हणजे पुढे कुठे अडकलं तर तुमचं तुम्हालाच शोधता येईल. कंटेनरला स्वतःचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) नसतो, तो ज्या मशीनवर चालतो तिथलाच लिनक्स कर्नल वापरतो. उबंटूवर तो आयताच असतो. विंडोज अन् मॅकवर लिनक्स कर्नल नाही, म्हणून तिथे आत एक छोटं लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन गुपचूप चालतं अन् त्यात तुमचे कंटेनर. म्हणून तिथे रॅम जास्त लागते. डब्ल्यूएसएल मशीनची अर्धी रॅम घेऊ शकतं, म्हणजे तुमच्या ८ जीबीतले ४. युजरच्या फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाईल बनवून मेमरी ३ जीबी लिहा, मग डब्ल्यूएसएल शटडाऊन करून परत चालू करा. अन् प्रोजेक्टच्या फाईली सी ड्राईव्हवर ठेवू नका, डब्ल्यूएसएलच्या आतल्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राईव्हवरून वाचताना फार हळू होतं.

शिरपूरकर_पुण्यात
मॅकचं मी सांगते दादा. एम१ म्हणजे एआरएम प्रोसेसर, अन् तुम्ही इमेज बनवली ती तुमच्या लॅपटॉपवर, म्हणजे एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसर) ची. ती मॅकवर नक्कल करून चालते म्हणून हळू. पायथॉन अन् पोस्टग्रेसच्या ऑफिशियल इमेज दोन्ही प्रोसेसरसाठी असतात, मॅक स्वतःच बरोबरची उचलतो, अडचण फक्त तुमच्या इमेजची आहे. एक तर बिल्डएक्स (डॉकरचंच बिल्ड करायचं साधन) वापरून दोन्ही प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करा, किंवा सोपं म्हणजे त्या मुलाला डॉकरफाईल (इमेज बनवायची कृती लिहिलेली फाईल) अन् कोड द्या, तो मॅकवरच बिल्ड करेल. डॉकर डेस्कटॉप उतरवताना ॲपल सिलिकॉन अन् इंटेल असे दोन वेगळे इन्स्टॉलर आहेत, तेवढं बघून घ्या. डॉकर डेस्कटॉप नको असेल तर होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) वरून कोलिमा टाकता येतं, त्यातही कंटेनर चालतात, ते हलकं आहे.

लायसन्सचं कोणी विचारलं तर, २५० पेक्षा कमी कर्मचारी अन् वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी, या दोन्ही अटी बसत असतील तर डॉकर डेस्कटॉप फुकट आहे. लिनक्सवरच्या डॉकर इंजिनला (डेस्कटॉपशिवायचं मूळ डॉकर) ही अट नाही, ते ओपन सोर्स आहे.

धुळे_सर्व्हर
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, पण माझं म्हणणं वेगळं आहे. रावेरवाले भाऊ, तिन्ही मशीनवर डॉकर टाकायचंच कशाला? तीन ठिकाणी तीन डेटाबेस झाले तर शेतकऱ्याची पट्टी कोणती खरी धरायची? वजन एका मशीनवर चढलं अन् उचल दुसऱ्या मशीनवर, असं झालं की भांडण व्यापाऱ्याच्या दारात येईल. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे, तो एकाच जागी पाहिजे.

त्या दोन डेस्कटॉपपैकी एकावर विंडोज काढून उबंटू टाका. आधी त्याच्यातल्या जुन्या फाईली काढून घ्या. तसाही विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाईट. डॉकर डेस्कटॉप युजरने लॉगिन केल्यावर चालू होतं. रात्री लाईट गेली, पहाटे आली, मशीन चालू झालं अन् दिवाणजी आलेच नाहीत तर सॉफ्टवेअर बंदच राहणार. उबंटूवर डॉकर इंजिन सिस्टीमची सर्व्हिस असते, लॉगिनची वाट बघत नाही. कंपोज फाईलमध्ये रीस्टार्टपुढे अनलेस-स्टॉप्ड लिहा, कंटेनर आपोआप उभे राहतात. बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती पण लावा. छोटा यूपीएस तर पाहिजेच.

इंजिन टाकताना स्नॅपवालं (उबंटूचं एक पॅकेजचं साधन) घेऊ नका, डॉकरची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) जोडून तिथून घ्या, कंपोज प्लगिन सोबतच येतं. तुमचा युजर डॉकर ग्रुपमध्ये टाकला की लॉगआऊट करून परत लॉगिन करा, नाहीतर परमिशन डिनाईड येत राहतं. पण त्या ग्रुपमधला माणूस म्हणजे रूटच (मशीनवर पूर्ण हक्क असलेला) समजा, दिवाणजींचा युजर त्यात टाकू नका.

दुसऱ्या डेस्कटॉपवर काहीच टाकायचं नाही, राऊटरमध्ये सर्व्हरचा आयपी पक्का करा अन् ब्राउझरमध्ये तो उघडा. पुण्याच्या मुलासाठी टेलस्केल (दूरचं मशीन खाजगी नेटवर्कने जोडायचं साधन), हॉटस्पॉटच्या नेटवर पण चालतं. एक गोष्ट जपा, डॉकरने उघडलेला पोर्ट (बाहेरून जोडायचं दार) उबंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला न जुमानता बाहेर दिसतो, म्हणून पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२ कंपोज फाईलमध्ये उघडूच नका, जँगोला तो आतल्या नेटवर्कवरून मिळतो.

केळीपट्टा_रावेर
भाऊ हे पटलं, लाईटचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता, अन् मॅकचा प्रश्न पण आपोआप मिटला. आता दोनच गोष्टी, हॉटस्पॉटवर इमेज कशी उतरवायची अन् आधीचा डेटा कसा न्यायचा? व्हॉल्यूमचं (डॉकर डेटा साठवतं ती जागा) फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर टाकलं तर चालेल का?

धुळे_सर्व्हर
इमेजला नेट लागतच नाही. तुमच्या लॅपटॉपवर डॉकर सेव्ह करा, एक टार फाईल बनते, ती पेनड्राईव्हवर सावद्याला न्या अन् तिथे डॉकर लोड. तुमचा लॅपटॉप अन् तो डेस्कटॉप दोन्ही एएमडी६४, त्यामुळे जशीच्या तशी चालेल. पोस्टग्रेसची इमेज पण तशीच न्या. डॉकर इंजिनची डेब पॅकेजं (उबंटूवर टाकायच्या फाईली) पण घरूनच उतरवून घेतली तर तिथे हॉटस्पॉटवर विसंबायला नको, फक्त त्या मशीनवर जी उबंटू टाकणार त्याच व्हर्जनची घ्या.

फोल्डर उचलू नका. डेटाबेस चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. पीजी डंप (पोस्टग्रेसच्या डेटाची एका फाईलमध्ये काढलेली प्रत) घ्या अन् नव्या मशीनवर रिस्टोर करा. पोस्टग्रेसचं व्हर्जन कंपोजमध्ये आकड्याने लिहा, लेटेस्ट लिहू नका, १५ चं डेटा फोल्डर १६ उघडत नाही. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं) डंप निघून दुसऱ्या डेस्कटॉपवर जाऊ द्या.

जळगाव_कोडर
अजून एक, कंपोज डाऊन करताना मायनस व्ही कधी लावायचं नाही, त्याने व्हॉल्यूम पण उडतो. दिवाणजींना कमांड देऊच नका, त्यांना फक्त ब्राउझर. अन् एकदा रिस्टोर करून खरंच पट्टी निघते का ते व्यापाऱ्यासमोर दाखवा, तेव्हाच जुनी वही बंद करायला सांगा.