"मी पाप केलं" असं तर मिसरचा राजा फारोपण म्हणाला होता, मग नम्र मन ओळखायचं कशावरून?

वाटसरू (धागा सुरू करणारा)
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, पटलं नाही तर बिनधास्त सांगा. 'कठोर मन' म्हटलं की आपल्याला लगेच देव न मानणारा किंवा उघड उघड वाईट वागणारा माणूस आठवतो. पण बायबलमध्ये "मी पाप केलं आहे" हे कोणाकोणाच्या तोंडी आहे बघा. गारांचा मारा झाल्यावर फारो म्हणतो, वर परमेश्वर न्यायी आहे आणि मी व माझे लोक दोषी आहोत असंही म्हणतो (निर्गम ९). इस्राएलचा पहिला राजा शौल म्हणतो, नंतर राजा झालेला दावीद म्हणतो, येशूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी परत करायला गेलेला यहूदासुद्धा म्हणतो. शब्द जवळजवळ तेच आणि दावीद सोडला तर एकही जण देवाकडे वळला नाही. म्हणजे कबुली तोंडातून निघाली म्हणजे मन मऊ झालं असं नाही.

माझं मत असं की नम्र मन कळतं ते चूक दाखवणाऱ्याशी आपण कसं वागतो त्यावरून. १ शमुवेल १५ वाचा. लढाईतल्या लुटीतलं काहीही ठेवायचं नाही असा देवाचा हुकूम होता, शौलाने चांगली चांगली जनावरं ठेवून घेतली आणि शमुवेल संदेष्टा आला तर आपणहून पुढे होऊन सांगतो की मी आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडतायत! शमुवेल विचारतो, मग हा मेंढरांचा आवाज कसला? तर म्हणे लोकांनी ठेवली, मग म्हणे देवाला अर्पण करायला ठेवली, आणि शेवटी सगळ्या वाटा बंद झाल्यावर "पाप केलं, पण आता वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख". त्याला टेन्शन होतं ते लोकांपुढे पत जाण्याचं. उलट दावीदाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा घेऊन त्याला मारवल्यावर नाथान संदेष्टा दावीदाला तोंडावर म्हणतो "तो माणूस तूच", तेव्हा दावीद राजा आहे, त्याच्या एका शब्दावर नाथानचं मुंडकं उडालं असतं. तो उत्तर देतो एका ओळीचं, त्यात 'पण' नाही, दुसऱ्याचं नाव नाही, काही नाही.

स्पष्टवक्ती
दावीदाचं उदाहरण दरवेळी ऐकते आणि दरवेळी राग येतो, सॉरी. उरीयाला मुद्दाम लढाईच्या तोंडावर पाठवून मारलं, त्याच्या बायकोला घरात आणलं आणि स्तोत्र ५१ मध्ये काय म्हणतो? "तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध मी पाप केलं". आणि उरीया? बथशेबा? देवासमोर रडून मोकळं व्हायचं आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, याला तुम्ही भग्न हृदय म्हणता? मी असं डोळ्यांनी बघितलंय. आमच्या ओळखीतल्या एका मोठ्या माणसाने सख्ख्या भावाचे पैसे बुडवले, नंतर प्रार्थनासभेत उभं राहून इतका रडला की सगळ्यांनी डोळे पुसले, त्याला मिठ्या मारल्या. भावाची बायको दोन रांगा मागे बसली होती, तिच्याकडे कोणी वळून पण बघितलं नाही. पैसे आजतागायत परत नाहीत. आणि तिने विषय काढला की तिलाच सांगतात, ताई मन कठोर करू नका!!

वाटसरू
ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे, आणि त्या वहिनींना 'कठोर मनाची' म्हणणं हा सरळ अन्याय आहे. तुमचं म्हणणं बायबलचंच म्हणणं आहे. लेवीय ६ मध्ये फसवून घेतलेलं पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा, तो ज्याचं आहे त्यालाच, आणि त्यानंतर दोषार्पण, म्हणजे अपराधासाठीचा यज्ञ. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो वेदीपाशी आठवलं तरी अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. जकातदार जक्कय तर लुबाडलेलं चौपट परत द्यायला उठला. त्या गृहस्थांचं रडणं खरं असेलही पण पश्चात्ताप अजून पुरा झालेला नाही असंच मी म्हणेन.

दावीदाबद्दल मात्र एक सांगतो. उरीया मेला होता, त्याच्या बाजूने बोलायला दरबारात कोणी नव्हतं, तेव्हा देवानेच नाथानला पाठवलं. त्या मेलेल्या सैनिकाची केस देवाने स्वतःची करून घेतली. आणि क्षमा झाली म्हणून परिणाम टळले नाहीत, मूल गेलं, घरातली तलवार, म्हणजे रक्तपात, शेवटपर्यंत सुटला नाही.

स्पष्टवक्ती
देवाने केस घेतली हे पटलं. पण मूल गेलं हा परिणाम बथशेबानेपण भोगला ना, तिचा काय दोष? यावर कोणी बोलत नाही.

निळं_आकाश
मी दुसऱ्या बाजूने विरोध करणार आहे. हे सतत मन तपासणं, सतत पश्चात्ताप, यामुळे माणसं आजारी पडतात हो. मी ज्या मंडळीत वाढले तिथे हसणं म्हणजे सुद्धा पापाची जाणीव कमी असल्याचं लक्षण मानायचे, लहान मुलांना आठवून आठवून पापं काढायला लावायचे, मला एकही आठवली नाही की मी बनवून सांगायचे. आणि पुढाऱ्याला प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर, तुझं मन कठोर झालंय. माझ्या मनात देवाबद्दल प्रेम यायच्या आधी भीती बसली, ती काढायला वर्षं गेली. त्यामुळे 'नम्र मन' हा शब्द स्टेजवरून ऐकला की मी आधी बघते बोलणारा स्वतः कोणाचं ऐकून घेतो का.

साधा_माणूस
+१. लूक १८ मधला, लोक पापी समजत तो जकातदार एकच वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. घरी गेला!! तिथेच छाती बडवत बसला नाही.

वाटसरू
निळं आकाश ताई, जे तुमच्यासोबत झालं ते फार वाईट झालं. प्रश्न विचारणं म्हणजे कठोर मन नव्हेच, संकटात सापडलेल्या ईयोबाने देवाला किती प्रश्न विचारले, आणि शेवटी देव रागावला तो त्याला दोष देणाऱ्या मित्रांवर. पौल २ करिंथ ७ मध्ये दोन प्रकारचं दुःख सांगतो, एक तारणाकडे नेणारं आणि एक मरणाकडे. दुःखानंतर माणूस देवाच्या जवळ जातोय की लपायला बघतोय हे पाहायचं. येशूला ओळखत नाही असं म्हणून बसलेला त्याचा शिष्य पेत्र कोंबडा आरवल्यावर ढसाढसा रडला पण नंतर येशू किनाऱ्यावर दिसल्याबरोबर नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. तुमच्या मंडळीत जे शिकवलं त्याने मुलं लपायलाच शिकतात.

प्रश्नचिन्ह
सगळं ठीक, पण मूळ उदाहरणच गंडलंय. फारोचं मन देवानेच कठीण केलं असं निर्गममध्ये स्पष्ट लिहिलंय, मोशे मिसरात पोचायच्या आधीच देव सांगतो की मी त्याचं मन कठीण करीन (४:२१). मग त्याला दोष कसला देता? आणि हेच माझ्या बाबतीत झालं नसेल कशावरून?

वाटसरू
दादा, ४:२१ आहेच, नाकारत नाही. पण पीडा, म्हणजे फारो इस्राएली लोकांना सोडत नाही म्हणून देवाने मिसरवर पाठवलेली संकटं, सुरू झाल्यावरचा क्रम बघा. बेडकांच्या वेळी आणि गोमाश्यांच्या वेळी त्याने स्वतःच मन कठीण केलं असं लिहिलंय, पीडा सुरू झाल्यावर देवाने केलं हे पहिल्यांदा येतं ते फोडांच्या वेळी, म्हणजे सहाव्या पीडेला. आणि बेडकांचा प्रसंग तर मला फार बोलका वाटतो. घरात, अंथरुणात, पीठ मळायच्या परातीत बेडूक, मोशे विचारतो कधी घालवू सांग, आणि हा म्हणतो "उद्या". आणखी एक रात्र बेडकांबरोबर काढायला तयार! आणि आराम पडला की पुन्हा जैसे थे. कठोरपणा असाच चढत जातो, संकट टळल्यावर दिलेला शब्द विसरत विसरत.

प्रश्नचिन्ह
रोमकरांस ९ मध्ये पौल याच फारोवरून म्हणतो की देव ज्याला पाहिजे त्याला कठीण करतो. तिथे तुमचा क्रम कामाला येत नाही.

वाटसरू
रोम ९ माझ्याकडून सुटत नाही हे खरं. पण "माझंच मन देवाने कठीण केलं असेल तर?" याचं उत्तर मी योनाच्या पुस्तकातल्या निनवे शहराच्या राजाकडून घेतो. त्याला ४० दिवसांत शहराचा नाश होईल अशी धमकी मिळाली होती, क्षमेचं वचन एक अक्षर नव्हतं. तो सिंहासनावरून उतरून राखेत बसला आणि म्हणाला, कोण जाणे, देव वळेलही. लोकांनी हातातला जुलूम सोडावा असा हुकूमपण काढला. ज्याला ही काळजी वाटते त्याने तेवढं तर आज करावं.

स्पष्टवक्ती
"हातातला जुलूम सोडावा" हे वाक्य त्या प्रार्थनासभेत कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

प्रश्नचिन्ह
निनवेचा मुद्दा मान्य. रोम ९ वर मी वेगळा धागा काढतो, तिथे या.